गोवर काय घेऊन जातो?

पूर्वी गावोगाव जागल्या असे. रात्री हातात काठी घेऊन तो आळीआळीतून फिरे. गावातले प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचे. अंधारात नुसत्या पावलांवरून तो ओळखी, की हा पाटलाचा धाकटा, हा कुंभाराचा म्हातारा. परका कोणी दिसला की तो हटकी, "कोण हाय रं तिकडं?" उत्तर नीट आले नाही, तर हाळी देऊन गाव जागे करी. आणि एकदा चोरी करून गेलेला चोर पुन्हा आला, तर विचारायचीही गरज नसे. तोंड दिसले की धरलाच त्याला!

असे जागले आपल्या अंगातही आहेत. एक-दोन नव्हेत, कोट्यवधी आहेत. हवेत जंतू आहेत, पाण्यात आहेत, आपल्या हातांवर आहेत. घडोघडी ते अंगात शिरू पाहतात. तरी आपण रोज आजारी पडत नाही. ही सारी त्या जागल्यांची करणी.

हे जागले काय करतात ते या धड्यात पाहू. आणि गोवर नावाचा एक चोर त्यांना कसा लुबाडतो, तेही पाहू. गोवर हा साधा आजार, येतो आणि जातो, असे आपण म्हणतो. तो जातो खरा. पण जाताना काय घेऊन जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अंगातले जागले

घर विटांचे असते, तसे शरीर पेशींचे असते. पेशी इतकी बारीक असते, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण विटा एका जागी बसून असतात. शरीरातल्या काही पेशी मात्र फिरत्या आहेत. त्या रक्तातून वाहतात. त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. रक्ताच्या एका थेंबात अशा दोन-चार लाख पांढऱ्या पेशी असतात. याच आपल्या जागल्या.

शेतात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, ठणकते. मग तिथे पू धरतो. हा पू म्हणजे काय? काट्याबरोबर जंतू आत शिरले. त्यांच्यावर पांढऱ्या पेशी धावून गेल्या. दोन्हीकडचे पुष्कळ मेले. त्या मेलेल्यांचा ढीग म्हणजे पू. आपल्याला त्याची किळस येते. पण ते लढाईचे मैदान आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. काटा मोडतो पायात आणि गाठ येते जांघेत. तिला आपण अवधाण म्हणतो. पाय कुठे, जांघ कुठे! त्याचे कारण असे. जांघेत, काखेत, गळ्याशी जागल्यांच्या चावड्या आहेत. जंतूचा मुडदा, त्याचा तुकडा उचलून काही पेशी जवळच्या चावडीवर आणतात. तिथे इतर पेशी तो पाहतात. त्याची ओळख पटवतात. गर्दी झाली की चावडी फुगते. तेच अवधाण.

जागल्यांत दोन तऱ्हा आहेत. काही जण नुसते दांडगे. परका दिसला की हाण. ते लगेच धावतात, पण त्यांना कुणाचे तोंड लक्षात राहत नाही. दुसरे जरा सावकाश कामाला लागतात. ते चावडीवर बसून शत्रूची नीट ओळख करून घेतात. मग त्या एकाच शत्रूला बसतील अशा बेड्या घडवतात. या बेड्यांना डॉक्टर लोक प्रतिपिंडे म्हणतात. गोवराची बेडी गोवरालाच बसते. ती डांग्या खोकल्याला चालत नाही. कुलपाला त्याची त्याचीच किल्ली लागते, तसे हे आहे.

पहिल्या खेपेला बेड्या घडवायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात माणूस तापाने फणफणतो, कधी दगावतोही. पण जगला तर एक मोठी कमाई होते. शत्रूचे तोंड लक्षात ठेवणाऱ्या काही पेशी मागे राहतात. पुढे तोच शत्रू पुन्हा आला, तर आठ-दहा दिवस थांबावे लागत नाही. आपल्याला कळतही नाही, इतक्या लवकर त्याचा निकाल लागतो.

ही आठवण म्हणजे शरीराची खरी शिल्लक. जन्मलेल्या बाळाजवळ ती जवळजवळ नसते. खेळताना, मातीत लोळताना, सर्दी-पडशातून मूल ती एकेक पैसा करून जमवते.

पासष्ट वर्षांची आठवण

ही आठवण किती दिवस टिकते? याचा दाखला एका दूरच्या मुलखातून मिळाला.

युरोपच्या उत्तरेला समुद्रात फॅरो नावाची लहान लहान बेटे आहेत. त्यांच्यावर डेन्मार्क देशाचे राज्य होते. चहूकडे पाणी, जाणे-येणे कमी. १७८१ साली तिथे गोवराची साथ आली. ती गेली, आणि मग पासष्ट वर्षे बेटांवर गोवर फिरकला नाही. १८४६ च्या वसंतात एक सुतार कोपनहेगन शहराहून जहाजाने आला. त्याच्या अंगात गोवर होता. तेवढे पुरले. बेटांवर माणसे होती ७,७८२. सहा-सात महिन्यांत त्यांतली सुमारे सहा हजार अंथरुणाला खिळली. लहान मुलेच नव्हेत, तर कर्ते बाप्ये, बायका, म्हातारे, सगळे. मासे पकडायला आणि गवत कापायला माणूस मिळेना.

डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम नावाचा डॉक्टर तिकडे पाठवला. वय पंचवीस, नुकताच शिकून बाहेर पडलेला. हा गडी गावोगाव हिंडला. घरोघरी बसून त्याने माणसांना विचारले, कोण कधी आजारी पडले, कुणाकडे जाऊन आले होते. सगळे वहीत टिपून ठेवले. या माणसाचे मला कौतुक वाटते. त्याच्यापाशी यंत्र नव्हते, गोवराचा जंतू त्या काळी कुणी पाहिलाही नव्हता. प्रश्न विचारणे आणि नीट लिहून ठेवणे, एवढ्यावर त्याने काम केले.

त्याला दिसले, की काही म्हातारी माणसे साथीतही ठणठणीत आहेत. ९८ अशी माणसे त्याने स्वतः पाहिली. त्या सगळ्यांना लहानपणी, १७८१ च्या साथीत, गोवर येऊन गेला होता. त्यांच्यातल्या एकालाही तो पुन्हा आला नाही. मग कुणी म्हणेल, म्हातारपणी गोवर होतच नसेल. पण तसे नव्हते. ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी गोवर झाला नव्हता, ते आजारी पडले. म्हणजे वयाने वाचवले नाही. आठवणीने वाचवले. पासष्ट वर्षांत त्या शरीरांनी गोवराचे तोंड एकदाही पाहिले नव्हते, तरी ते विसरले नव्हते.

हे ऐकून कुणालाही वाटेल, की मग बरेच झाले. पोराला एकदा गोवर येऊन जाऊ द्यावा. जन्माची कटकट मिटली.

चोर चावडीत शिरतो

लस टोचायला आशाताई घरी सांगायला येते, तेव्हा असे बोलणे पुष्कळ घरांत होते. आजी म्हणते, "अगं, गोवर कुणाला येत न्हाई? माझ्या चार पोरांना आला न् गेला. काय झालं त्यांना?"

ताई विचारते, "आजी, तुम्हाला मुलं चारच झाली?"

"झाली सात. जगली चार."

"मग तिघं कशानं गेली?"

"एक हगवणीनं गेलं. दोघांना डबा झाला."

"त्यांना गोवर येऊन गेला होता?"

आजी जरा थांबते. मग म्हणते, "थोरलीला शिमग्यात आला व्हता. बरी झाली. खेळाया लागली. न् पावसाळ्यात गेली."

ती मुलगी गोवरामुळेच गेली, असे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण शिमग्याचा गोवर आणि पावसाळ्यातली हगवण यांचा संबंध असू शकतो. हे आता पक्के कळले आहे. कसे ते पाहा.

गोवराचा जंतू अतिशय बारीक असतो. अशा जंतूला विषाणू म्हणतात. तो खोकल्यातून, शिंकेतून हवेत उडतो आणि नाकावाटे आत जातो. दुसरे जंतू जागल्यांना चुकवून आत शिरू पाहतात. गोवराचा विषाणू सरळ जागल्यालाच गाठतो. पांढऱ्या पेशीत शिरतो, तिच्याच खांद्यावर बसून चावडीवर जातो. तिथे जुन्या चोरांची तोंडे लक्षात ठेवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. विषाणू त्यांच्यात शिरतो आणि त्यांचा नाश करतो. चोराने पोलिसपाटलाचे दप्तरच जाळावे, तसा हा प्रकार.

शरीर शेवटी गोवराला हरवते. त्याचे तोंड जन्मभर लक्षात ठेवते. पण या झटापटीत बाकीच्या शत्रूंची आठवण पुष्कळशी जळून गेलेली असते. मुलाने चार-पाच वर्षांत जी शिल्लक जमवली, तिला भोक पडते.

याची पहिली चाहूल १९०८ साली लागली. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरात फॉन पिर्के नावाचे मुलांचे डॉक्टर होते. क्षयाचा जंतू मुलाच्या अंगात येऊन गेला आहे का, हे ओळखण्याची त्यांनी एक युक्ती काढली होती. कातडीवर औषधाचा थेंब घालून ओरखडा काढायचा. शरीराला त्या जंतूची आठवण असेल, तर तिथे लाल गांधी उठते. त्यांना असे दिसले, की ज्या मुलांना आधी गांधी उठत होती, त्यांना गोवराच्या दिवसांत ती उठत नाही. शरीर जणू ओळख विसरले. असे का होते, हे मात्र त्या वेळी सांगता येत नव्हते.

उत्तर नीट मिळाले ते १११ वर्षांनी. नेदरलँड्स या देशातले काही लोक धर्माच्या समजुतीमुळे मुलांना लस टोचून घेत नाहीत. अशा गावांत २०१३ साली गोवराची साथ आली. साथीच्या आधी तिथल्या मुलांचे रक्त तपासायला घेतले होते. साथीनंतर पुन्हा घेतले. गोवर झालेल्या ७७ मुलांचे आधीचे रक्त आणि नंतरचे रक्त शेजारी ठेवून पाहिले. २०१९ साली निकाल छापून आला. या मुलांच्या अंगात आधी नाना रोगांच्या बेड्या होत्या. गोवरानंतर त्या कमी झाल्या होत्या. कुणाच्या शंभरातल्या अकरा गेल्या, तर कुणाच्या शंभरातल्या त्र्याहत्तर. ज्या मुलांनी लस घेतली होती, त्यांच्या बेड्या होत्या तशाच होत्या.

त्र्याहत्तर म्हणजे किती? शंभर रुपये गाठीला होते, सत्तावीस उरले.

गेलेली आठवण परत मिळवायला मुलाला दोन-तीन वर्षे लागू शकतात. परत मिळवायची म्हणजे काय? तेच जंतू पुन्हा अंगात यायचे, पुन्हा आजार भोगायचे. म्हणून गोवरानंतर मूल वर्ष वर्ष खुरडते. कधी खोकला, कधी कान वाहतो, कधी जुलाब. घरात म्हणतात, दृष्ट लागली. दात येताहेत. पाणी बदलले. चार महिन्यांपूर्वी उतरलेल्या गोवराकडे कुणाचे बोट जात नाही.

अंगावर उठणे आणि आत जिरणे

गोवराची चाल आधी सांगतो. जंतू आत शिरल्यावर दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही. मग ताप येतो. नाक गळते, खोकला येतो, डोळे लाल होऊन पाणावतात. तोंडात गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. ताप आल्यावर तीन-चार दिवसांनी कानामागे आणि कपाळावर लाल पुरळ उठतो आणि हळूहळू खाली पायापर्यंत उतरतो.

आपल्याकडे म्हातारी माणसे म्हणतात, "गोवर बाहेर पडला पाहिजे. आत जिरला तर वाईट." डॉक्टर मंडळी पुष्कळदा हे हसण्यावारी नेतात. मला वाटते, या बोलण्यात पाहण्याची तीक्ष्ण नजर होती. गोवराचा पुरळ हा विषाणूने केलेला नसतो. कातडीत लपलेल्या विषाणूवर आपल्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात, त्याचा तो लाल डाग असतो. ज्या मुलाच्या जागल्यांत मुळीच त्राण नाही, त्याच्या अंगावर कधी कधी पुरळ नीट उठतच नाही. अशा मुलाला धोका जास्त. म्हाताऱ्यांनी पाहिले ते खरे. पण त्यावर उपाय म्हणून गरम काढे पाजणे, मुलाला कांबळ्यात गुंडाळणे, हे कामाचे नाही. जागल्याला बळ पोटातून मिळते.

आणि नेमके इथेच आपण मुलाचा घात करतो. गोवर आला की कित्येक घरांत चूल मंद होते. फोडणी बंद. तेल बंद. अंडे, मटण तर नावच नको. मुलाला पेज नाही तर नुसते पाणी. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवा, कुणाची हरकत नाही. त्याने वाईट होत नाही. पण उपास नको. ताप असलेल्या मुलाचे अंग भराभर झडते. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. काही जातीचे जागले तिथे शिकून तयार होतात. उपासमार झालेल्या मुलाची ही ग्रंथी सुकून बारीक होते. म्हणजे जुने जागले गोवराने मारले आणि नवे तयार करणारी तालीम भुकेने बंद पडली.

अ जीवनसत्त्वाची तर खास गरज असते. जीवनसत्त्व म्हणजे अन्नातला असा अंश, जो लागतो चिमूटभर, पण नसला तर अडते. अ जीवनसत्त्व कमी पडले की संध्याकाळी दिसेनासे होते. त्याला आपण रातांधळेपणा म्हणतो. नाकाचे, घशाचे, आतड्याचे आतले अस्तरही त्याच्यावाचून कोरडे पडते आणि जंतूला वाट मोकळी होते. अमेरिकेचे डॉक्टर आल्फ्रेड सोमर हे डोळ्यांचे डॉक्टर. ते इंडोनेशिया देशात मुलांचे डोळे तपासत होते. त्यांना दिसले, की रातांधळी मुले नुसती अंधारात ठेचकाळत नाहीत, ती मरतातही जास्त. मग तिथल्या आचे प्रांतात सुमारे साडेचारशे गावे निवडली. निम्म्या गावांतल्या लहान मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने अ जीवनसत्त्वाची गोळी दिली. १९८६ साली हिशेब छापला गेला. गोळी मिळालेल्या गावांत मुलांचे मरण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

गोवर आलेल्या मुलाच्या अंगातले हे जीवनसत्त्व फार झपाट्याने संपते. डोळ्यात फूल पडून मूल आंधळे होऊ शकते. म्हणून गोवर आला की मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे. तिथे अ जीवनसत्त्वाचे औषध लागोपाठ दोन दिवस दोनदा देतात. मात्रा वयावर ठरते, म्हणून ते आपल्या मनाने पाजू नये. घरी शेवग्याचा पाला, पालक, तांबडा भोपळा, गाजर, पपई, अंडे, दूध द्यावे. भाजीवर चमचाभर तेल असू द्यावे. हे जीवनसत्त्व तेलातच विरघळते. तेल नसेल तर भाजी खाऊनही ते अंगी फारसे लागत नाही. फोडणी बंद करणे का बरोबर नाही, ते आता ध्यानात आले असेल. अंगावर पिणारे मूल असेल, तर त्याला जास्त वेळा पाजावे.

मूल भराभर श्वास घेत असेल, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ते पाणीही पीत नसेल, त्याला झटका आला असेल, किंवा डोळ्याचे बुबुळ धूसर दिसत असेल, तर रात्र काढू नये. तसेच उचलून दवाखान्यात न्यावे.

आईने दिलेली उसनवारी

बाळ पोटात असते तेव्हा आई आपल्या बेड्यांतला वाटा वारेतून त्याला देते. या उसन्या बेड्यांवर बाळ पहिले काही महिने काढते. म्हणून अगदी तान्ह्या मुलाला सहसा गोवर होत नाही.

मूल जन्मल्यावर आईला पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, घट्ट दूध येते. हा चीक. गाय व्याली तर आपण चीक आधी वासराला पाजतो. मग उरलेल्याचा खरवस करतो. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगायचे नाही, हे गुराख्यालाही ठाऊक असते. आणि बाईचा चीक मात्र वाईट म्हणून पिळून टाकतात! बाळाला मध चाटवतात, गूळपाणी देतात. गुराला जे कळले ते माणसाच्या बाबतीत आपण विसरलो. या चिकात बेड्या ठासून भरलेल्या असतात. त्या बाळाच्या आतड्याला लेप देऊन बसतात. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. चीक टाकू नये.

पण आईची उसनवारी जन्मभर पुरत नाही. सहा-नऊ महिन्यांत ती आटत जाते. आणि तेव्हाच मूल रांगायला लागून चार माणसांत जाते.

चोराचे चित्र

जागल्याला चोराचे तोंड आधीच दाखवून ठेवले तर? दात-नखे काढलेला, लंगडा चोर त्याच्यासमोरून फिरवला तर? तो ओळखून ठेवील आणि गावाचे काही नुकसान होणार नाही. लस म्हणजे असा लंगडा चोर.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टन शहरात एंडर्स आणि पीबल्स या दोघांनी गोवर झालेल्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. मग तो कोंबडीच्या अंड्यातल्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवला. तिथे वाढता वाढता त्याचा माणसावरचा जोर गेला. त्यातून १९६३ साली लस निघाली. आपल्या देशात ती १९८५ पासून सरकारी लसीकरणात आली. आता तिच्याबरोबर रुबेला नावाच्या दुसऱ्या रोगाची लसही त्याच सुईतून देतात. आपल्या पुण्यात तयार झालेली गोवराची लस आज जगातल्या कितीतरी देशांत जाते.

पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. लोक विचारतात, जन्मतःच का नाही? कारण आईच्या उसन्या बेड्या तोवर अंगात असतात. त्या लंगड्या चोरालाही धरून टाकतात आणि बाळाचे स्वतःचे जागले त्याला पाहतच नाहीत. बेड्या आटल्या पाहिजेत आणि खरा चोर येण्याच्या आत सुई बसली पाहिजे. म्हणून नऊ महिने. तरीही शंभरातल्या दहा-पंधरा मुलांच्या जागल्यांना पहिल्या सुईने ओळख पटत नाही. ती मुले कोणती, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून दीड वर्षाच्या सुमारास सगळ्यांनाच दुसरी सुई. दोन्ही घेतलेल्या शंभर मुलांपैकी सत्त्याण्णवांना गोवर होत नाही.

सुईनंतर सात-दहा दिवसांनी काही मुलांना कणकण येते, थोडा पुरळ दिसतो. आई घाबरते. पण हा जागल्यांचा सराव आहे. या लंगड्या चोराला चावडीतले दप्तर जाळता येत नाही.

नर्सबाई कधी कधी म्हणतात, "आज सगळी मुलं एकदम आणा." काहींना तो हेका वाटतो. लसीची बाटली पावडरीची असते. पाणी घालून ती कालवली, की चार तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून त्या वाट पाहतात.

आता शेजाऱ्यांच्या पोराचे पाहू. त्यांनी लस घेतली नाही, आपल्याला काय त्याचे? गोवर फार पसरतो. पुरळ उठायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस मूल तो वाटत फिरते. ते खोलीतून निघून गेले तरी दोन तास हवेत जंतू राहतो. त्याच्या सहवासात आलेल्या, अंगात बेड्या नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना गोवर होतो. म्हणून गावातल्या शंभर मुलांपैकी पंचाण्णवांनी दोन्ही सुया घेतल्या, तरच गोवराला पाय ठेवायला जागा उरत नाही. आठ महिन्यांच्या बाळाला एरवी लस देत नाहीत. कर्करोगाचे औषध चालू असलेल्या मुलालाही देता येत नाही. त्यांच्याभोवती कुंपण आहे ते बाकीच्यांच्या सुयांचे.

कुंपण मोडले की काय होते, ते २०२२ साली आपल्या राज्यात दिसले. कोरोनाच्या दोन वर्षांत पुष्कळ मुलांच्या सुया चुकल्या होत्या. त्या वर्षी पावसाळा सरताना मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर उसळला. मालेगाव, भिवंडीकडेही पसरला. मुले दगावली. त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती, आणि काही तर लस घेण्याच्या वयाचीही झाली नव्हती. जगाचा हिशेब करणारे म्हणतात, की २०२३ या एका वर्षात अंदाजे एक लाख सात हजार माणसे गोवराने गेली. बहुतेक सगळी पाच वर्षांच्या आतली मुले.

आपल्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड असेल, ते काढा. आता तुम्हाला वाचता येते. गोवर-रुबेला लिहिलेली ओळ शोधा. तिथे दोन जागा आहेत. दोन्हीत तारीख लिहिलेली आहे का पाहा. एक जागा रिकामी असेल आणि मूल पाच वर्षांच्या आतले असेल, तर वेळ गेलेली नाही. गावात लसीकरणाचा दिवस असेल तेव्हा कार्ड बरोबर घेऊन अंगणवाडीत जा. कार्ड हरवले असेल तरी जा. नर्सबाई नवे करून देतात. पैसे पडत नाहीत.